नो-गो बाजू

बरेच दिवस इथे काही लिहिलं नव्हतं. परवा बाबांचा लाकडी कप्पा आवरायला काढला आणि त्यात एक जुनं प्लग गेज सापडलं. बोटभर लांबीचं, दोन्ही टोकांना गुळगुळीत दंडगोल, मधे धरायला खरखरीत मूठ, आणि एका टोकाजवळ लाल रंगाची पट्टी. ते हातात घेतलं आणि ठरवलं की एक गोष्ट आता लिहूनच टाकावी. कामाची आहे, थोडी तांत्रिक आहे, आणि मला फारशी शोभणारी नाही.

शैलामावशी दर दिवाळीला विचारते, "तू नक्की करतेस काय गं कंपनीत?" तिला मी दरवेळी "टेस्टिंग" सांगते आणि ती दरवेळी "बरं बरं" म्हणते. :) तर मावशी, हे आधी तुझ्यासाठी.

समजा एक वेबसाइट आहे. तिच्यावर चलान बनवायचं, पार्ट नंबर टाकायचा, किती नग ते लिहायचं, सेव्ह करायचं, लेबल छापायचं. दर वेळी प्रोग्रॅममध्ये काही बदललं की हे सगळं पुन्हा तपासावं लागतं. माणसाने रोज तेच करायचं म्हणजे वेड लागेल. म्हणून ब्राउझर आपोआप चालवणारी साधनं आली. त्यातलं सगळ्यात नावाजलेलं सेलेनियम. २००४ साली शिकागोत, थॉटवर्क्समध्ये काम करणाऱ्या जेसन हगिन्सने ते स्वतःच्या कामापुरतं लिहिलं होतं. त्यानंतर नोकिया नेटवर्क्समध्ये रोबोट फ्रेमवर्क तयार झालं. त्याची कल्पना पेक्का क्लार्क यांच्या २००५ च्या प्रबंधातली, आणि २००८ पासून ते सगळ्यांना खुलं झालं. त्यात टेस्ट म्हणजे कोड नसतो, साध्या वाक्यांची यादी असते. 'ब्राउझर उघड', 'हे बटण दाब', 'पानावर हा शब्द दिसायला हवा'. अशा एकेका वाक्याला म्हणतात कीवर्ड.

लायब्ररीबरोबर आलेले कीवर्ड सगळे असे बटणाच्या आणि चौकोनाच्या भाषेतले. ते अमेरिकेतल्या पुस्तकांच्या दुकानालाही चालतात आणि चाकणच्या स्टोअरलाही. त्यामुळे ते दोघांपैकी कुणाच्याच कामाबद्दल बोलत नाहीत. तिथून पुढे आपले स्वतःचे कीवर्ड सुरू होतात.

२०१५ मध्ये मी चिंचवडच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होते. आमचं प्रॉडक्ट गाड्यांच्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांसाठी होतं. भोसरी, चाकण, म्हाळुंगे, खराबवाडी, अशा गिऱ्हाइकांच्या याद्या असत. माल बिनमध्ये भरायचा, बिनमागे नग किती आणि एकूण बिन किती ते टाकायचं, प्रोग्रॅम बेरीज करून बारकोडचं लेबल देणार, ते गाडीबरोबर जाणार, आणि मोठ्या कंपनीच्या गेटवर ते स्कॅन होणार. लेबलवरचा आकडा आणि चलानचा आकडा जुळला नाही की गाडी गेटबाहेर. ज्याने कधी चाकणच्या तळेगाव चौकात अडकून पाहिलंय त्याला परत आलेल्या गाडीचा अर्थ वेगळा सांगायला नको.

आमच्या टेस्ट रोबोटमध्ये होत्या आणि आमचे स्वतःचे कीवर्ड जावात. तेव्हा रोबोट जायथॉनवर, म्हणजे जावाच्या मशीनवर पळणाऱ्या पायथनवर, चालवता यायचं आणि सेलेनियम लायब्ररीचं जावातलं रूपही मिळायचं. काम दिसायला सोपं होतं. जावात एक क्लास लिहायचा. त्यातली प्रत्येक पब्लिक मेथड आपोआप कीवर्ड होते. मेथडच्या नावात जोडून लिहिलेले शब्द रोबोट सुटे करून वाचतो. 'चेकलेबलटोटल' लिहिलं की टेस्टमध्ये 'चेक लेबल टोटल' असं स्वच्छ वाक्य मिळतं.

एकच खड्डा होता आणि त्यात सगळे एकदा पडायचे. मीही पडले. मूळ लायब्ररीच्या क्लासवरून आपला क्लास वाढवायचा आणि मग टेस्टमध्ये मूळ आणि वाढवलेली अशा दोन्ही लायब्रऱ्या आणायच्या. मग दोन वेगळ्या वस्तू तयार होतात. एकीने ब्राउझर उघडलेला असतो आणि दुसरी म्हणत असते, "ब्राउझर उघडलेलाच नाही." समोर फायरफॉक्स डोळे वटारून बघतोय आणि ही नाही म्हणतेय! शिवाय दोन्हीकडे त्याच नावाचे कीवर्ड, त्यामुळे रोबोट विचारतो, यातला कुठला चालवू? उपाय दोनच. एक तर फक्त वाढवलेलीच लायब्ररी आणायची, नाहीतर आपला क्लास वेगळा ठेवायचा आणि चालू असलेल्या लायब्ररीकडून तिचाच उघडा ब्राउझर मागून घ्यायचा. मला दुसरा मार्ग आवडतो. शेजाऱ्याची शिडी मागून आणावी, त्यासाठी शेजारी दत्तक घेऊ नये.

आमच्या ऑफिसात तेव्हा दोन तट होते. डेव्हलपर मंडळी म्हणायची, हा कीवर्डचा पसारा कशाला, सरळ जावात टेस्ट लिहा. त्यांचं अगदीच चूक नव्हतं. पण आमच्याकडे एक काका होते, आधी पंधरा वर्षं एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढलेले. त्यांना जावा येत नव्हतं. ते आमच्या टेस्ट छापून घेत आणि पेनाने खुणा करत. एकदा म्हणाले, "अगं, हे असं होतच नाही. चलान आधी बनतं, आणि गाडी भरताना कळतं की शेवटचा बिन मावत नाही. मग आकडा बदलतात. ते कुठे तपासलंय?"

कुठेच तपासलं नव्हतं. त्यांच्या त्या एका वाक्यावरून मी नवीन टेस्ट लिहिली. बिनची संख्या टाक, मग बदल, सेव्ह कर, लेबल उघड, बेरीज जुळते का बघ. जावात लिहिलेल्या शंभर ओळी काकांनी वाचल्या नसत्या. स्टोअरच्या भाषेतले कीवर्ड होते म्हणून वाचल्या. कीवर्डच्या बाजूने माझं मत तेव्हा पक्कं झालं आणि ते आजही तसंच आहे.

आता माझा पराक्रम.

लेबलचं पान आमच्या टेस्टच्या सर्व्हरवर फार सावकाश उघडायचं. त्यामुळे ही टेस्ट रात्री मधूनच फेल व्हायची, काही बिघडलेलं नसताना. सकाळी मेलबॉक्समध्ये लाल रिपोर्ट, मॅनेजरचा प्रश्न, मग मी हाताने चालवून दाखवणार की बघा, चालतंय. असं आठवड्यातून दोनदा. शेवटी वैतागून मी 'चेक लेबल टोटल' मध्ये तीन वेळा प्रयत्न करण्याची सोय केली. जुळलं तर बाहेर पड. नाही जुळलं किंवा पानच आलं नाही, तर ती चूक कॅच कर, एक ओळ छाप, पान ताजं कर, पुन्हा बघ.

आणि तीनदा करूनही नाही जुळलं तर?

तर काही नाही. लूप संपला, मेथड संपली.

रोबोटचा नियम सरळ आहे. मेथडने एक्सेप्शन फेकलं तर कीवर्ड फेल. नाही फेकलं तर पास. मेथडने काय पाहिलं, तिला काय वाटलं, याच्याशी रोबोटला देणंघेणं नाही. गप्प बसलेला म्हणजे पास झालेला. मी कॅचमध्ये सगळं गिळलं होतं, म्हणजे माझा कीवर्ड आता जगाच्या अंतापर्यंत फेल होणार नव्हता. मी छापलेली ओळ लॉगमध्ये जायची, पण साध्या माहितीच्या पातळीवर. तिच्यासमोर इशाऱ्याची खूण लावायला हवी होती, तीही लावली नव्हती. रिपोर्ट हिरवागार असला की लॉग कोण उघडतं?

रिपोर्ट सहा आठवडे हिरवा राहिला. माझं कौतुकही झालं, टेस्ट 'स्टेबल' केल्या म्हणून.

मग एक रिलीज गेली आणि चाकणच्या एका पुरवठादाराची गाडी गेटवरून परत आली. चलानवर एक आकडा, लेबलवर दुसरा. त्यांचा फोन आला. आमच्याकडून उत्तर गेलं की प्रोग्रॅम रोज रात्री तपासला जातो, एन्ट्री करताना चूक झाली असावी. पुराव्यादाखल रिपोर्ट जोडला होता. तो हिरवा रिपोर्ट मीच काढून दिला होता.

डिस्पॅचला एन्ट्री करणारा मुलगा ठेकेदाराचा होता. त्याला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं गेलं. हे मला तेव्हा माहीतही नव्हतं.

पाच दिवसांनी भोसरीच्या दुसऱ्या एका कारखान्यातून तीच तक्रार आली. दोन वेगळ्या ठिकाणी दोन माणसं एकाच प्रकारे चुकतील हे मला पटेना. मी पहिल्यांदा लॉग उघडून आतपर्यंत गेले. 'लेबल जुळत नाही, पुन्हा बघते.' ओळीने तीनदा. त्या रात्री, त्याच्या आदल्या रात्री, रिलीजच्या रात्री. टेस्टने चूक बरोबर पकडली होती. काकांनी सांगितलेली तीच चूक, बिनची संख्या बदलल्यावर लेबल जुनाच आकडा छापत होतं. पकडली होती आणि मी तिच्या तोंडावर हात ठेवला होता.

मॅनेजरना सांगितलं. डेव्हलपरने संध्याकाळपर्यंत दुरुस्ती केली. गिऱ्हाइकाला 'अडचण दूर केली आहे' असा मेल गेला. अशा मेलमध्ये अडचण नेहमी आपली आपण आलेली असते.

रात्री घरी आल्यावर बाबांना सांगितलं. बाबा औंधच्या आयटीआयमधून निघून आयुष्यभर भोसरीच्या एस ब्लॉकमधल्या एका टूल रूममध्ये होते. कॉम्प्युटरचा त्यांना तिटकारा. माझं ऐकून घेतलं, उठले, आणि कप्प्यातून हे गेज काढून आणलं. वीस मिलिमीटरच्या भोकासाठीचं. एक टोक बरोबर वीस, दुसरं वीस आणि वर एकवीस मायक्रॉन. पहिलं टोक 'गो', भोकात जायलाच हवं. दुसरं, लाल पट्टीचं, 'नो-गो', ते जाता कामा नये.

"नवीन पोरगं मशीनवर आलं की काय करतं माहितीये?" बाबा म्हणाले. "गो बाजू घालतं, गेली की माल ओके. अरे, गो बाजू तर विहिरीतपण जाते! माल बरोबर आहे हे लाल बाजू सांगते. ती अडली पाहिजे."

मी म्हटलं, "बाबा, माझ्या गेजला लाल बाजूच नव्हती."

"होती. तू घासून बारीक केलीस. आत जायला त्रास देत होती म्हणून."

यावर काय बोलणार! थोड्या वेळाने तेच म्हणाले, "गेज घासतंच. म्हणून तर त्याला तारीख असते. ठरलेल्या दिवशी ते कॅलिब्रेशनला जातं. गेज तपासल्याशिवाय त्याने तपासलेला माल तपासलेला नसतो."

आपण टूल रूमच्या गावात राहतो. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, टेल्को, बजाज, आणि त्यांच्या भोवती वाढलेली हजारो छोटी वर्कशॉप्स. प्रत्येक ठिकाणी भिंतीवर गेजची यादी टांगलेली असते, कुठलं गेज कधी तपासायचं. तिथून दोन-चार किलोमीटरवर बसून आम्ही सॉफ्टवेअरवाले गेज बनवतो, आणि आमच्या भिंतीवर अशी यादी नाही. आम्ही गेजला गेजच म्हणत नाही ही खरी गोची आहे. आम्ही त्याला 'मदतीची मेथड' म्हणतो.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी त्यानंतरच्या प्रत्येक टीममध्ये कंटाळा येईपर्यंत सांगितलंय. आपण लिहिलेला कीवर्ड मुद्दाम चुकीच्या पानावर चालवून तो फेल होतो हे जोवर डोळ्यांनी पाहिलेलं नाही, तोवर तो टेस्टमध्ये वापरू नये.

सोय रोबोटमध्येच आहे. 'रन कीवर्ड अँड एक्स्पेक्ट एरर' नावाचा त्याचा एक तयार कीवर्ड आहे. आतला कीवर्ड फेल झाला तरच हा पास होतो. हीच ती लाल बाजू. मी तेव्हा दोन दिवस बसून एक छोटं खोटं पान बनवलं, लेबलवर जाणूनबुजून चुकीची बेरीज असलेलं. आमचे तपासणारे कीवर्ड एकेक करून अशा खोट्या पानांवर चालवले. एकूण अकरा कीवर्ड होते. त्यातले तीन चुकीच्या पानालाही पास म्हणाले. त्यातला एकच माझा होता. यात मला बरं वाटलं नाही, भीती वाटली.

बाकीचे नियम याच एका नियमाची पोरं आहेत. थांबायचं असेल तर ठरावीक गोष्टीसाठी थांबावं, 'पाच सेकंद झोप' असं नाही. सेलेनियमची स्वतःची वाट बघण्याची सोय वेळ संपला की एक्सेप्शन फेकते, ते गिळू नये. पुन्हा प्रयत्न करायचाच तर पान उघडण्याचा करावा, आकडा जुळण्याचा नाही. पान उशिरा येऊ शकतं, पण बेरीज उशिरा बरोबर होत नसते. रोबोटचा 'वेट अंटिल कीवर्ड सक्सीड्स' हेच काम करतो आणि शेवटी हरला तर हरलो म्हणतो. माझ्या लूपमध्ये तेवढं एक वाक्य नव्हतं.

कुणी म्हणेल, एवढी जोखीम आहे तर स्वतःचे कीवर्ड लिहूच नयेत. मला पटत नाही. मग काकांना काय वाचायला देणार? कीवर्ड म्हणजे आतला पसारा झाकणं, आणि झाकलेलं असतं म्हणूनच वाचणाऱ्याला वाचता येतं. पण झाकणाऱ्याने एक जबाबदारी घेतलेली असते. काका 'चेक लेबल टोटल' वाचून पुढे गेले, कारण त्यांना वाटलं, लिहिलंय म्हणजे चेक होतं. नाव एक आणि काम दुसरं, याला आपण एरवी काय म्हणतो?

२०२२ मध्ये आलेल्या रोबोट ५.० ने जायथॉनचा आधार सोडला. आता जावातले कीवर्ड वापरायचे तर ते वेगळ्या सर्व्हरवर ठेवून दुरून बोलवावे लागतात. आमच्यासारख्या बऱ्याच जणांनी ते पायथनमध्ये पुन्हा लिहिले. भाषा बदलली, 'ट्राय-कॅच'चं 'ट्राय-एक्सेप्ट' झालं, गिळायची सवय तीच. हल्ली तर कीवर्ड एआयकडून लिहून घेतात. माझ्या टीममधल्या मुलीने परवा त्याला सांगितलं, ही टेस्ट मधूनच फेल होते, ठीक कर. त्याने तीन प्रयत्नांचा लूप लिहून दिला, शेवटी काहीही न फेकणारा. मी तो स्क्रीनवर बघितला आणि क्षणभर २०१५ मधलीच मी समोर बसलेली दिसले.

राहता राहिला तो मुलगा.

त्याला काढल्याचं मला काकांकडून कळलं. मी एक दिवस सुट्टी टाकून चाकणला गेले. त्या कारखान्याचे स्टोअरकीपर सभ्य होते. म्हणाले, मॅडम, ठेकेदाराचा माणूस, आमच्या हातात नव्हतं. नंबर मात्र त्यांनी दिला. बाहेर टपरीवर उभं राहून फोन लावला. मुलगा परभणीकडचा, म्हाळुंग्यात चौघांत खोली. दुसरीकडे पॅकिंगला लागला होता, पगार थोडा कमी. मी कोण ते सांगितलं. प्रोग्रॅमची चूक होती, तुमची एन्ट्री बरोबर होती, आणि ते आम्हाला आधीच कळायला हवं होतं ते माझ्यामुळे कळलं नाही, असं सगळं सांगितलं.

बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मग म्हणाला, "म्हंजे ताई, मी नव्हतो ना चुकलो?"

"नाही."

"मला वाटलं माझ्याच हातून झालं असंल. रात्रपाळी होती ना. लई आठवून बघितलं."

तो चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. मी ऑफिसला येऊन त्या पुरवठादाराला साध्या शब्दांत मेल लिहिला, मॅनेजरना दाखवून. एन्ट्री बरोबर होती, तपासणी चुकीची होती. सोबत दुरुस्त केलेल्या कीवर्डने त्याच जुन्या रिलीजवर काढलेला लाल रिपोर्ट जोडला. त्याला परत घेतलं नाही. मेलची एक प्रत मी त्याला पाठवली, पुढे कधी कुणी विचारलं तर दाखवायला.

असो. गेज पुसून, तेलाचा हात फिरवून पुन्हा कप्प्यात ठेवलंय. बाबा आता पंचाहत्तरीला आलेत. हे वाचून दाखवलं तर म्हणाले, "एवढं लांबण कशाला लावलंस? लाल बाजू अडली पाहिजे. संपलं."

मावशी, आता तरी कळलं का मी काय करते? मी लाल बाजू अडते का बघते.